कमावायची ताकद, दाखवायची ताकद

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेला नाव दिलंय असं जिममध्ये सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती मारतोस?’ पहिला सल्लाही ठरलेला. आता रोज जड लाव, दर शनिवारी मॅक्स काढ, भीती मोडली पाहिजे. पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही जिममध्ये हे ऐकायला मिळतं. त्यामागची समजूत अशी, की स्पर्धा म्हणजे जिगरीची परीक्षा आणि ज्याने रोज स्वतःला पिळून काढलं तो जिंकणार. मग बारा-सोळा आठवड्यांचा आखीव प्रोग्राम, त्यातली टक्केवारी, वही, एक्सेलची शीट हे सगळं कशासाठी? तर ज्यांच्या अंगात धमक कमी त्यांच्या समाधानासाठी.

ही समजूत मला उथळ वाटते. तिला चुकीची म्हणत नाही, कारण मेहनतीवाचून काही होत नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. ती मेहनत नेमकं काय घडवते, हा प्रश्न मात्र तिने कधी विचारलेलाच नसतो. माझं म्हणणं असं : ताकद कमावणं आणि ताकद दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांच्या आड येतात, आणि आखीव प्रोग्रामचं मुख्य काम या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवणं हे आहे. म्हणूनच स्पर्धेच्या तयारीत सर्वांत जड जातं ते उचलता येत असताना न उचलणं.

आधी मोजतात काय?

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॅट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट अशा तीन उचली, प्रत्येकीच्या तीन संधी. प्रत्येकीतली सर्वांत जड मान्य उचल घ्यायची आणि तिन्हींची बेरीज करायची, ती टोटल. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला, पण त्यानंतर कित्येक वर्षं या खेळावर ताठ कापडाच्या सूटचं आणि बेंच शर्टचं राज्य होतं. त्या कापडाच्या ताणानेच बारवरचे बरेच किलो परस्पर उचलले जात. कमरेचा पट्टा, गुडघ्याच्या स्लीव्ह आणि मनगटाच्या पट्ट्या एवढ्यावर भागवणाऱ्या ‘क्लासिक’, म्हणजेच रॉ प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा महासंघाने २०१३ मध्ये रशियातल्या सुझ्दालला भरवली.

नियम वाचायला सोपे आहेत. स्क्वॅटमध्ये पंचाने आज्ञा दिल्याशिवाय खाली जायचं नाही, जांघेची घडी गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेली पाहिजे आणि वर आल्यावर ‘रॅक’ ऐकेपर्यंत हलायचं नाही. बेंचवर बार छातीला टेकवून स्थिर करायचा आणि ‘प्रेस’ची वाट पाहायची. डेडलिफ्टमध्ये गुडघे नि खांदे ताठ करून ‘डाउन’ म्हणेपर्यंत बार हातात धरायचा. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच उचल मान्य. एका प्रकारातल्या तिन्ही संधी हुकल्या तर टोटलच नाही, मग बाकीच्या दोन्हींत तुम्ही काहीही केलेलं असो.

आता जिममधला ‘एकशेसाठचा स्क्वॅट’ या चौकटीत ठेवून बघा. तो किती खाली गेला? बार छातीवरून उसळवलेला बेंच, आणि ‘सगळं तुझंच, सगळं तुझंच’ म्हणत स्पॉटरने दोन बोटांनी वर नेलेला बेंच, यांतला नेमका कोणता आकडा तुमचा? स्पर्धेत मोजली जाते ती ठरलेल्या तारखेला, परक्या बारवर, दुसऱ्याच्या आज्ञेने, चार-पाच तासांत नऊ वेळा दाखवलेली ताकद. शेवटची डेडलिफ्ट येते तेव्हा पायांतून स्क्वॅट गेलेला असतो, खांद्यांतून बेंच गेलेला असतो. स्पर्धेतलं दाखवणं हे असं स्वतंत्र कौशल्य आहे, त्याची तयारीही स्वतंत्र करावी लागते. पण दाखवायला आधी काहीतरी कमावलेलं असावं लागतं.

शरीर केव्हा बळकट होतं

अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या थॉमस डीलॉर्म या डॉक्टरने १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दुबळ्या स्नायूंना हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करायला लावण्याऐवजी, झेपेल एवढा जड भार मोजक्या वेळा द्या आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवत न्या, हे त्याचं सूत्र. आज ‘तीन सेट, दहा रेप’ असं जिममध्ये जे सहज म्हटलं जातं, ते त्याच्याच कामातून पसरलं. त्याआधी, १९३६ मध्ये, हान्स सेल्ये याने ताणाला शरीर कसं तोंड देतं याचे तीन टप्पे मांडले होते : धक्का, जुळवून घेणं आणि ताण हटलाच नाही तर थकून कोसळणं. व्यायामाच्या प्रशिक्षकांनी ही मांडणी उचलली, कारण रोजच्या अनुभवाशी ती जुळत होती.

माझ्या मुद्द्याला सर्वांत उपयोगी पडतो तो १९७५ च्या सुमाराचा एक विचार. कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं, की सरावाचे परिणाम दोन होतात आणि दोन्ही एकाच वेळी होतात. क्षमता वाढते, आणि थकवाही वाढतो. कोणत्याही दिवशी मैदानावर दिसते ती या दोन्हींची वजाबाकी. क्षमता सावकाश वाढते आणि सावकाशच ओसरते. थकवा झपाट्याने चढतो आणि त्यातल्या त्यात लवकर उतरतो.

या एका विचाराने जिममधले कितीतरी गैरसमज दूर होतात. सरावाच्या सातव्या आठवड्यात तुम्हाला जड वाटत असेल, गेल्या महिन्यात सहज गेलेलं वजन आज चिकटत असेल, तर तुम्ही कमजोर झालात असं ठरत नाही. कमावलेलं थकव्याखाली झाकलेलं असतं. अशा वेळी ‘बघू तरी किती जातंय’ म्हणून मॅक्स काढणारा माणूस चुकीच्या दिवशी चुकीची गोष्ट मोजतो. वर त्या मोजण्याने आणखी थकवा ओढवून घेतो आणि पुढच्या आठवड्याचं कमावणंही घालवतो.

कमाल वजनाच्या शंभर टक्क्यांची एक उचल शरीराला शिकवते थोडं आणि किंमत मात्र मोठी घेते. सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या पट्ट्यात माणूस नीट हालचालीसह पुष्कळ रेप करू शकतो, आणि स्नायू व सवय दोन्ही तिथेच घडतात. सोव्हिएत वेटलिफ्टिंग प्रशिक्षक प्रिलेपिन याच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता सांगतो की सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या वजनाच्या एका बैठकीत साधारण अठरा उचली हव्यात, आणि नव्वदच्या पुढे गेलात की चार ते दहा पुरेत. हा तक्ता स्नॅच आणि क्लीन-जर्कसाठी होता. पॉवरलिफ्टिंगला तो जसाच्या तसा लावू नये. त्यातून घ्यायचं ते प्रमाणाचं भान.

शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांतली मुलं रोज पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवत बसली आणि पुस्तक उघडलंच नाही तर त्यांचं काय होईल, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बारच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो आणि त्याला जिद्द म्हणतो.

उथळ समजूत येते कुठून

ती हवेतून आलेली नाही. जिमच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत ती खरी असते. नवखा माणूस सोमवारी साठ किलोचा स्क्वॅट मारतो, गुरुवारी साडेबासष्टचा, पुढच्या सोमवारी पासष्टचा. कमावणं नि दाखवणं त्याच्या बाबतीत एकाच दिवशी होतं, कारण त्याचे आकडे त्याच्या शरीराच्या मानाने इतके लहान असतात की थकवा दोन दिवसांत निघून जातो. हा काळ फार गोड असतो. मग एक दिवस वजन अडतं. आणि ज्या उपायाने इथवर आणलं तोच उपाय, फक्त आणखी जोराने, माणूस लावत राहतो. पुण्याच्या जिममध्ये तीन-तीन वर्षं शंभर किलोच्या बेंचपाशी थांबलेले धडधाकट तरुण दिसतात. त्यांची मेहनत कुणीही बघावी. पण ते पहिल्या वर्षाचा धडा चौथ्या वर्षी गिरवत असतात.

बारा आठवडे, आकड्यांत

कल्पनेतला एक खेळाडू घेऊ. वजनगट ७४ किलो. खरा, म्हणजे पुरेसा खाली गेलेला स्क्वॅट १४०, छातीवर थांबवलेला बेंच ९०, डेडलिफ्ट १७०. स्पर्धा बारा आठवड्यांवर.

पहिले चार आठवडे स्क्वॅटचे पाच सेट, पाच-पाच रेप. वजन ९७.५ पासून १०७.५ पर्यंत, म्हणजे सत्तर ते सत्त्याहत्तर टक्के. पहिल्याच दिवशी पंचवीस रेप म्हणजे सुमारे २,४३७ किलोचं काम. शनिवारी १२०, १३०, १३७.५ आणि १४० अशा चार एकेरी उचली मारून घामाघूम होणाऱ्याचं काम भरतं ५२७.५ किलो. दोघेही दमतात, पण शिकण्याची संधी एकाला पंचवीसदा मिळते, दुसऱ्याला चारदा. आणि त्या चारांतली शेवटची पाठ वाकवून गेलेली असते. पाचवा आठवडा हलका. सहा ते नऊ या आठवड्यांत तीन-तीन रेप, ११२.५ पासून १२० किलो. दहाव्या-अकराव्यात एक-दोन रेप, १२७.५ च्या आसपास, त्याही पंचाच्या आज्ञेसह : मित्राने ‘स्क्वॅट’ म्हणायचं, ‘रॅक’ म्हणायचं. शेवटचा जड स्क्वॅट स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी, डेडलिफ्ट त्याहूनही थोडी अगोदर, बेंच आठवडाभर आधी चालतो. शेवटच्या आठवड्यात फक्त हात-पाय मोकळे ठेवायचे. सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ मात्वेयेव्हने १९६० च्या दशकात सरावाचं वर्ष भरपूर कामाकडून मोजक्या तीव्र कामाकडे नेणारं जे आखीव रूप मांडलं, त्याचाच हा छोटा नमुना आहे.

या आराखड्यात १४० किलो एकदाही बारवर लागत नाही. बारा आठवड्यांत एकदाही नाही. लोकांना प्रोग्रामबद्दल सर्वांत खटकतं ते हेच, आणि प्रोग्रामचा सगळा अर्थही इथेच आहे. तिसऱ्या आठवड्यात बार उडतोय, मित्र म्हणतायत ‘अरे, दहा चढव’, आणि वहीत १०५ लिहिलंय. दहा चढवले तर जातीलही. पण त्या दिवशी दहा किलो दाखवण्यात गेले आणि चौथ्या आठवड्याचं काम अर्धवट राहिलं. वहीतला आकडा ही शांत डोक्याने स्वतःला आधीच घातलेली मर्यादा असते. तापलेल्या डोक्याने ती मोडता येऊ नये म्हणूनच ती लिहायची.

एक अट मात्र कडक. टक्केवारी खऱ्या आकड्याची काढा. अर्धवट खाली गेलेला १६० धरून आखलेला आराखडा पहिल्या महिन्यातच गळ्याशी येतो, आणि मग माणूस म्हणतो प्रोग्राम वाईट होता.

पेठेतला बार आणि मंचावरचा बार

सरावात घडतं ते ज्या हालचालीचा सराव केला तिच्यापुरतं आणि तिच्या शेजारपाजाऱ्यांपुरतं. म्हणून तयारी जसजशी पुढे सरकते तसतसा सराव स्पर्धेसारखा व्हायला हवा. इथे पुण्यातल्या सामान्य जिमची अडचण सुरू होते. प्लेटा षटकोनी असतात. डेडलिफ्टची पहिली रेप नीट जाते, बार खाली ठेवला की प्लेट कडेवर टेकून बोटभर पुढे किंवा मागे घसरते, आणि दुसरी रेप नडगीपासून लांब झालेल्या बारवर मारावी लागते. स्पर्धेत बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर असतो, कारण मोठ्या प्लेटांचा व्यास पंचेचाळीस सेंटिमीटर असतो. जिमच्या रबरी प्लेटा त्याहून लहान, म्हणजे बार खाली आणि उचल लांब. बारचं वजन ‘वीस’ म्हणून सांगतात, पण काट्यावर ते कुणी ठेवलेलं नसतं. खडू लावला तर मालक रागावतो. आणि जिम दुसऱ्या मजल्यावर, खाली दाताचा दवाखाना असेल तर ‘वजने आदळू नयेत’ ही पाटी आलीच.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. षटकोनी प्लेटांवर प्रत्येक रेप वेगळी मारा, हात सोडून, पुन्हा उभं राहून. नाहीतरी स्पर्धेत एकच रेप असते. प्लेटांखाली रबरी चटई घालून बारची उंची बरोबर करा. स्पर्धेच्या आधी दोन-चार वेळा तरी मापात बसणाऱ्या बारवर सराव करा. शहरात आता अशी थोडी केंद्रं आहेत. स्मिथ मशिनवरच्या स्क्वॅटवर मात्र एकही आठवडा घालवू नये. तिथे तोल यंत्र सांभाळतं, आणि स्पर्धेत तोलही तुमचाच असतो.

‘तालमीत कुठे होती शीट?’

हा आक्षेप पुण्यात हमखास येतो आणि तो मला आवडतो. चिंचेची तालीम, खालकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, निवडुंग्या विठोबाची तालीम. या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पैलवान घडवले आणि एकानेही टक्केवारी काढली नाही. हजार बैठका मारल्या, खुराक खाल्ला, मोठे झाले. मग आजच्यांना हे चोचले कशाला?

आक्षेप घेणाऱ्याने तालमीतला घाम पाहिलेला असतो, तिथली व्यवस्था पाहिलेली नसते. पहाटेचा जोर वेगळा आणि संध्याकाळची मेहनत वेगळी : एकीकडे हौद्यात जोडीदाराबरोबर लढत, दुसरीकडे जोर-बैठका, दोरी, मुद्गल. म्हणजे कौशल्य आणि ताकद यांचे वेळ आधीपासून वेगळे होते. वर्षालाही आकार होता. जत्रा-उरुसांतले कुस्त्यांचे फड मुख्यतः सुगीनंतर उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात फड कमी आणि तालमीतली मेहनत जास्त. शिवाय शीट नव्हती, पण वस्ताद होता. कोणाच्या बैठका आज कमी करायच्या, कोणाला चार दिवस हौद्यात उतरवायचं नाही, हे तोच ठरवायचा. फडात कोणाची जोड कोणाशी लावायची हेही वस्ताद बघायचा. कच्च्या पोराला इनामाच्या कुस्तीला सोडायला तो तयार नसे, पोरगं कितीही फुरफुरत असलं तरी. कमावण्याचा काळ दाखवण्याच्या हौसेपासून राखणं हे वस्तादाचं काम होतं. आज बहुतेकांना वस्ताद नाही. दर तीन महिन्यांनी बदलणारा ट्रेनर आहे. वही हा त्या जागेचा निम्मा-शिम्मा पर्याय.

आणि आपल्याकडे व्यायाम लिहून ठेवण्याची परंपरा नव्हती असंही नाही. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंडच्या खंड मराठीत काढले. टिळक रस्त्यावरच्या, १९२४ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायाम हा शिकवण्याचा, अभ्यासक्रमाचा विषय मानला. नुसत्या जिगरीवर भरवसा ठेवणं ही आपली परंपरा आहे, हे परंपरा न वाचलेल्यांचं म्हणणं.

‘बल्गेरियन तर रोज मॅक्स काढायचे’

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत तगडा आक्षेप हा. इव्हान अबाजिएव्हच्या हाताखालचे बल्गेरियन वेटलिफ्टर रोज, दिवसातून अनेकदा, कमाल वजनापर्यंत जात आणि त्यांनी ऑलिंपिक पदकं आणली. हे खरं आहे, आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही.

पण ते होते कोण? देशभरातून निवडलेली, दुसरा काही कामधंदा नसलेली माणसं, आणि त्या पद्धतीत जी मोडली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये दोन बल्गेरियन विजेत्यांची पदकं उत्तेजक चाचणीत गेली आणि संघाने स्पर्धेतून माघार घेतली. थकवा इतक्या लवकर कसा उतरत होता, या प्रश्नाचं थोडं उत्तर त्यातही असावं. दुसरं असं, की त्यांचं रोजचं कमाल वजन ‘आजच्या दिवशीचं’ कमाल असे, अंगात आणून ओरडत काढलेलं नव्हे. हिंजवडीला दोन तास गाडीत बसून परतणाऱ्या, सहा तास झोपणाऱ्या माणसाने त्या पद्धतीतलं फक्त ‘रोज मॅक्स’ तेवढं उचललं तर त्याच्या हाती पाठदुखी लागेल.

‘शरीराचं ऐकावं, कागदाचं कशाला?’

याचं अर्धं उत्तर प्रोग्राममध्येच आलेलं आहे. सेट संपल्यावर आणखी किती रेप निघाल्या असत्या याचा अंदाज दहापैकी आकड्याने लिहायची पद्धत पॉवरलिफ्टिंगमध्ये आता रुळली आहे. दोन रेप शिल्लक असतील तर आठ, एकही नसेल तर दहा. कागदावर १२० आहेत, पण ११५ लाच नऊ वाटतंय, तर तिथेच थांबा. शरीराचं ऐकायची ही शिस्तशीर रीत झाली. नुसतं ‘ऐकलं’ की शरीर बहुधा तेच सांगतं जे मनाला हवं असतं : आज बेंच कर, स्क्वॅट उद्या.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या वर्षात आहे. पुण्यात सरळ बारा आठवडे कुणालाच मिळत नाहीत. ढोल-ताशा पथकात असाल तर गणपतीआधीचा महिना-दीड महिना कमरेला ढोल बांधून रोज सराव. तो भार थेट कंबरेच्या स्नायूंवर येतो, आणि त्याच काळात डेडलिफ्टचं जड चक्र ठेवणं म्हणजे एकाच जागेवर दोन मालकांची वसुली. रविवारी सिंहगड आणि सोमवारी स्क्वॅट हेही जमत नाही, आधी पिठलं-भाकरी खाल्ली असो वा नसो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या जिममध्ये संध्याकाळी सातलाही भट्टी असते. हे सगळं आधी कळणारं आहे, म्हणून आधी मांडता येणारं आहे. ज्याला वेळ भरपूर आहे तो आराखड्याशिवायही कदाचित निभावेल. नोकरी, घर आणि पथक सांभाळणाऱ्याला ती चैन नाही.

पाहणाऱ्यांची नजर

दाखवण्याची ओढ आपल्या एकट्याच्या मनात नसते. समाजही तेवढंच बघतो. पुण्यातल्या डॉ. शर्वरी इनामदार या आयुर्वेदाच्या डॉक्टर, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडू. साडी नेसून व्यायाम करतानाचा त्यांचा व्हिडिओ घरोघरच्या फोनवर पोचला. त्यांची टोटल किती, वजनगट कोणता, हे विचारणारे किती भेटले असतील? व्हिडिओ अर्ध्या मिनिटात संपतो; त्यामागच्या हजारो रेप कुणी चित्रित करत नाही, आणि केल्या तर कुणी बघणार नाही. जिमच्या आरशासमोर वाढलेल्या पिढीला रोज काहीतरी दाखवावंसं वाटतं ते असं. स्टोरीवर टाकायला १०५ किलोच्या पाच-पाच रेप फार मिळमिळीत दिसतात.

वजन उतरवण्याचा सोसही याच जातीचा. ७६ किलोच्या नवख्याने ७४ च्या गटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडायचं, वर स्वेटर घालून पळायचं. वजन घ्यायला सुरुवात होते स्पर्धेच्या दोन तास आधी. तेवढ्यात गेलेलं पाणी परत भरत नाही आणि बारा आठवड्यांचं कमावलेलं पहिल्या स्क्वॅटला पायांतून निसटतं. पहिल्या स्पर्धेत ८३ च्या गटात उतरावं आणि नाश्ता करून जावं.

नऊ उचली

स्पर्धेच्या दिवशी दाखवण्याला पूर्ण मुभा असते, तरीही तिला क्रम आहे. आपल्या ७४ किलोच्या खेळाडूने पहिल्या उचली १२७.५, ८२.५ आणि १५५ लिहून द्याव्यात. झोप नीट झाली नसली, पोटात गोळा आला असला तरी निघतील अशा. बेरीज ३६५. दुसऱ्या १३५, ८७.५, १६२.५, बेरीज ३८५. तिसऱ्या १४२.५, ९२.५, १७२.५, सगळ्या निघाल्या तर ४०७.५. पहिल्या उचलीपासून तिसरीपर्यंतचा फरक बेचाळीस किलोच्या वर जातो, पण पहिलीच हुकली तर तीच वजनं पुन्हा मारत बसावं लागतं, कारण मागितलेलं वजन खाली आणता येत नाही. जिममध्ये १४० काढणारा माणूस ‘सुरुवात दणक्यात’ म्हणून १४० ने उघडतो, खोली कमी पडते, लाल दिवे लागतात, पुन्हा १४०, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी पायच राहिलेले नसतात. या खेळात असे शून्य टोटलवाले दर स्पर्धेत दिसतात आणि त्यांतले बरेच तिथल्या कित्येकांपेक्षा बळकट असतात.

उचल झाल्यावर पुढचा आकडा कळवायला एक मिनिट मिळतं. नाही कळवला तर मान्य उचलीवर आपोआप अडीच किलो चढतात. डेडलिफ्टच्या तिसऱ्या उचलीत मात्र आकडा दोनदा बदलता येतो, कारण तिथे शेजारच्या खेळाडूचा आकडा बघून डाव टाकायचा असतो. जिगर लागते ती इथे; बारा आठवडे जपून ठेवलेली असेल तर ती इथे कामाला येते.

‘पण पदकाचं काय?’

भारतात पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा घेणाऱ्या संघटना एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीची आपापली ‘राष्ट्रीय’ स्पर्धा असते. काही ठिकाणी गटात दोनच खेळाडू असतात, म्हणजे हजर राहणाऱ्याला रौप्य. पॉवरलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये नाही; पॅरालिंपिकमध्ये फक्त बेंच प्रेस आहे, आणि त्यात राजिंदरसिंग रहेलूने २००४ मध्ये अथेन्सला भारतासाठी कांस्य आणलं. तेव्हा चौकातल्या फ्लेक्सवर ‘सुवर्णपदक विजेता’ वाचून फार हुरळू नये आणि फार नाकही मुरडू नये. टोटल विचारावी, वजनगट विचारावा, उत्तेजक चाचणी होती का ते विचारावं, खोली किती कडक बघत होते ते विचारावं.

खेळाडूने स्वतःलाही तेच विचारायचं. समजा आपल्या खेळाडूची तिसरी स्क्वॅट खोली कमी पडल्याने नाकारली गेली, बेंचची तिसरी हुकली, १७२.५ जमिनीवरून हलली नाही. हातात आले ३८५. आदल्या दिवसापर्यंत तो मित्रांना ४२० सांगत होता. पुढचं चक्र कोणत्या आकड्यावर आखायचं, यावर जिममध्ये वाद होईल; म्हणतील, त्या दिवशी नशीब नव्हतं, पंच खडूस होते, तुझे खरे १४० आहेत. दोन आठवडे हलका व्यायाम करून झाल्यावर वहीत १३५ लिहावेत, कारण पांढरे दिवे तेवढ्यालाच लागले. १३५ चे बहात्तर टक्के म्हणजे सत्त्याण्णव किलोंच्या थोडं वर. सोमवारी बारवर ९७.५ लावायचे आणि पाच सेट मारायचे.